जग बुडणार आहे, तिकीट काढा: अणुयुद्धाच्या सिनेमांच्या टॅगलाईनची गोष्ट

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून जुना सिनेमा दाखवतो, आम्ही चार-पाच जण मिळून, चहा-बिस्किटं वर्गणीतून. गेल्या पावसाळ्यात ठरलं की दिग्दर्शक क्युब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' लावू. नोटीस बोर्ड आणि व्हॉट्सॲपसाठी पोस्टर करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मागे एकदा मी गणपतीचं पत्रक फुकटात करून दिलेलं आणि तेव्हापासून मी सोसायटीचा आर्टिस्ट आहे. फोटो टाकला, वेळ टाकली, खाली एक ओळ हवी होती. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "त्यात काय एवढं, लिही, सहकुटुंब सहपरिवार पहावा असा." म्हटलं काका, यात शेवटी सगळं जग अणुबॉम्बने जातं. काका दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "मग सहकुटुंबच आहे की."

तर त्या एका ओळीपायी मी तीन-चार रात्री जुनी पोस्टरं धुंडाळत बसलो. आणि त्यातून जे सापडलं ते आधी मला वाटलं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं, म्हणून लिहितोय.

आधी टॅगलाईन म्हणजे काय ते. पोस्टरवर सिनेमाच्या नावाच्या वर नाहीतर खाली एक छोटी ओळ असते ना, ती. तिच्यात कथा सांगायची नसते. कथा एका वाक्यात सांगतात ती लॉगलाईन, ती निर्मात्याच्या खिशातून पैसे काढायला, आणि टॅगलाईन तुमच्या-माझ्या खिशातून. बहुतेक वेळा ती दिग्दर्शकही लिहीत नाही आणि लेखकही नाही, स्टुडिओचं मार्केटिंग खातं आणि जाहिरात एजन्सीतले कॉपीरायटर लिहितात, ढीगभर ओळी लिहून त्यातली एक राहते. १९७९ च्या 'एलियन'ची ती प्रसिद्ध ओळ, अंतराळात तुमची किंकाळी कोणालाच ऐकू येत नाही, ती बार्बरा गिप्स नावाच्या बाईंनी लिहिली. सिनेमा न बघितलेल्या लोकांनाही ती पाठ असते. आपल्याकडे पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात त्यात नावाखाली एखादी खुसखुशीत ओळ असते बघा, तोच प्रकार.

आता साध्या युद्धपटाची टॅगलाईन लिहिणं त्यामानाने सोपं. एक हिरो असतो, एक शत्रू असतो, शेवटी झेंडा फडकतो, "एकटा लढला, देशासाठी लढला" टाईप काहीतरी खरडलं की झालं. अणुयुद्धात पंचाईत अशी की यातलं काहीच शिल्लक राहत नाही. अमेरिकेतून सुटलेलं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र रशियात पोचायला साधारण अर्धा तास, तिकडून इकडे यायला तेवढाच, म्हणजे आपल्या डोंबिवली-ठाणे लोकलच्या वेळात दोन्ही बाजूंचा निकाल लागलेला. हिरोने करायचं काय त्यात? जिंकलं कोण? आणि प्रेक्षकाला तुम्ही सांगताय की बाबा, पैसे दे, एसीत बस, आणि तुझं घर, तुझं गाव, तुझी पोरंबाळं कशी जातील ते दोन तास बघ. कोण येईल?

म्हणून टॅगलाईनवाल्यांनी बॉम्ब सोडून दुसरं काहीतरी विकायला काढलं. आणि कुठल्या वर्षी काय विकलं हे बघत गेलं की त्या त्या वर्षी लोकांच्या पोटात भीतीचा गोळा नेमका कशाने येत होता ते कळत जातं.

सुरुवात अगदी जत्रेतल्या तंबूसारखी आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनने पहिला अणुबॉम्ब फोडला, अमेरिकेची मक्तेदारी संपली, आणि १९५२ साली 'इन्व्हेजन यू.एस.ए.' नावाचा एक स्वस्तातला सिनेमा आला. त्याची जाहिरात काय तर 'सी न्यूयॉर्क डिसअपिअर! सी सिॲटल ब्लास्टेड! सी सॅन फ्रान्सिस्को इन फ्लेम्स!' म्हणजे बघा न्यूयॉर्क गायब होताना, बघा सिॲटल उडताना, बघा सॅन फ्रान्सिस्को जळताना. लाऊडस्पीकरवरून "या या, पाताळातली नागकन्या बघा, मुंडकं बोलतंय बघा" असं ओरडतात ना, सूर अगदी तोच. सोबत हेडा हॉपर या हॉलिवूडच्या गॉसिप लिहिणाऱ्या बाईंचं सर्टिफिकेट, की हा सिनेमा तुमची पँट सोडवेल. आपल्या भाषेत, धोतर सुटेल. प्रत्यक्षात निर्मात्याकडे एवढी शहरं उडवायला पैसे कुठले, तर दुसऱ्या महायुद्धाची जुनी फुटेजं जोडून काम भागवलंय, आणि शेवटी कळतं की दारूच्या गुत्त्यात बसलेल्या लोकांना एका माणसाने संमोहित करून हे सगळं दाखवलं होतं. म्हणजे शहरं पण उडाली नाहीत. पैसे परत मागायला हवे होते लोकांनी.

गंमत म्हणजे त्याच १९५२ मध्ये अमेरिकन सरकार शाळांतून एक छोटी फिल्म दाखवत होतं, तिच्यात बर्ट नावाचं कासव आहे, धोका दिसला की कवचात जातं. तिचं नाव 'डक अँड कव्हर', खाली वाका आणि डोकं झाका. खरं तर ही सरकारची टॅगलाईनच, सुटसुटीत, यमक नसूनही जिभेवर बसणारी. एकीकडे थिएटरवाला ओरडतोय बघा बघा, दुसरीकडे बाई वर्गात सांगतायत बघू नका, बाकाखाली जा. आणि दोन्हीकडे तीच पोरं.

१९५९ मध्ये मात्र सूर एकदम बदलतो. स्टॅन्ली क्रेमरचा 'ऑन द बीच', ग्रेगरी पेक, एव्हा गार्डनर, फ्रेड ॲस्टेअर, सगळी मोठी नावं. गोष्ट अशी की उत्तर गोलार्ध अणुयुद्धात संपलाय, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला लोक जिवंत आहेत, पण किरणोत्सार वाऱ्याबरोबर खाली सरकतोय आणि काही महिन्यांत त्यांचाही नंबर आहे. त्याची टॅगलाईन: आयुष्यात दुसरा एकही सिनेमा बघितला नाहीत तरी हा बघायलाच हवा. वरवर पाहिलं तर जाहिरातवाल्यांची नेहमीची फुशारकी आहे, कुठल्याही सिनेमाला चिकटवता येईल. पण या सिनेमाखाली वाचली की तिचा दुसरा अर्थ अंगावर येतो, कारण यातल्या माणसांना खरंच दुसरा सिनेमा बघायला मिळणार नाहीये. हे मुद्दाम केलंय की चुकून झालंय देव जाणे. मला आपलं वाटतं चुकून.

ह्या सिनेमाची जाहिरात म्हणजे फक्त ओळ नव्हती. १७ डिसेंबर १९५९ ला जगातल्या १८ शहरांत एकाच दिवशी प्रीमियर केला, त्यात चक्क मॉस्को पण होतं, शीतयुद्ध ऐन भरात असताना. म्हणजे विकत काय होते, तर कर्तव्य. हा सिनेमा बघणं ही तुमची जबाबदारी आहे, मतदानासारखी. आणि सिनेमाच्या आत अजून एक टॅगलाईन लपलीय, माझ्या मते खरी तीच. मेलबर्नच्या लायब्ररीसमोर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे लोक प्रार्थनासभा घेत असतात, तिथे एक मोठा कापडी फलक लावलेला असतो, 'देअर इज स्टिल टाईम.. ब्रदर'. अजून वेळ आहे, भावा. पहिल्यांदा गर्दी असते तेव्हा तो फलक धार्मिक वाटतो. शेवटच्या दृश्यात रस्ते ओस पडलेत, एक माणूस नाही, आणि फलक वाऱ्यावर फडफडतोय, तेव्हा कळतं की तो 'भावा' पडद्यावरच्या कोणाला नाही, खुर्चीत बसलेल्याला म्हणतोय.

आता १९६४, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण सिनेमा आमचा आहे.

'डॉ. स्ट्रेंजलव्ह'च्या पोस्टरवर कार्टूनसारखं चित्र आहे, टोमी उंगरर या चित्रकाराचं, आणि ओळ आहे 'द हॉट-लाईन सस्पेन्स कॉमेडी'. बास. आज वाचली तर सपक वाटते. पण ती ओळ तेव्हा किती ताजी होती हे समजून घ्यायला हॉटलाईन म्हणजे काय ते बघायला लागेल. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाचं प्रकरण झालं, सोव्हिएत युनियनने क्युबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली, १३ दिवस जग टांगणीला. त्यात केनेडी आणि ख्रुश्चेव्ह एकमेकांना निरोप पाठवायचे तर तो सांकेतिक भाषेत करा, पाठवा, उलगडा, भाषांतर करा, यात तासन् तास जायचे. जग वाचवायचंय आणि पत्र अजून भाषांतराच्या टेबलावर पडलंय अशी अवस्था. म्हणून जून १९६३ मध्ये करार झाला आणि ३० ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टन-मॉस्को थेट लाईन सुरू झाली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा हॉटलाईन हा शब्द जेमतेम सहा महिन्यांचा घरगुती झाला होता, नोटबंदीनंतर आपल्या तोंडात 'पेटीएम' बसलं ना, तसं काहीतरी. जाहिरातवाल्याने पेपरातला गरम शब्द उचलला आणि त्याच्या शेजारी कॉमेडी हा शब्द ठेवला, की झालं, अख्खी गंमत त्या शेजारात आहे. हॉटलाईन, सस्पेन्स, इथवर ठीक, आणि मग कॉमेडी? जग बुडण्याची?

आणि सगळ्यात भारी भाग: त्या खऱ्या हॉटलाईनला फोनच नव्हता. तो लाल फोन वगैरे सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलेला. खरं यंत्र म्हणजे टेलिप्रिंटर, टकटक करत कागदावर अक्षरं छापणारा, आणि अमेरिकेच्या बाजूला तो व्हाईट हाऊसमध्येही नव्हता, पेंटागॉनमध्ये होता. तार वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी करत मॉस्कोला. अमेरिकनांनी इंग्रजीत टाईप करायचं, रशियनांनी रशियनमध्ये. बोलायची सोय मुद्दामच नाही ठेवली, कारण बोलण्यात गैरसमज होतो, आवाज चढतो, घाईत काहीतरी तोंडातून जातं, लिहिताना माणूस जरा दम खातो. सिनेमात मात्र अमेरिकेचा अध्यक्ष फोनवर रशियाच्या प्रमुखाला सांगतोय, दिमित्री, जरा ते म्युझिक कमी करतोस का, मला नीट ऐकू येत नाहीये, आणि मग लाजत लाजत सांगतो की आमच्या एका कमांडरने एक बावळटपणा केलाय, विमानं निघालीयत तुमच्याकडे. पीटर सेलर्सने हा सीन असा केलाय की हसू आवरत नाही आणि हसताना पोटात खड्डा पडतो.

हा सिनेमा आधी १९६३ मध्येच यायचा होता. पत्रकारांसाठी पहिला खेळ २२ नोव्हेंबरला ठेवला होता, त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. खेळ रद्द, रिलीज पुढे ढकलला जानेवारी १९६४ वर, आणि एका संवादात डॅलसचं नाव होतं तिथे डबिंग करून व्हेगस घातलं. ओठ बघितलेत तर कळतं.

त्याच वर्षी, त्याच कोलंबिया कंपनीने, जवळजवळ त्याच गोष्टीचा गंभीर सिनेमा काढला, सिडनी ल्युमेटचा 'फेल सेफ'. यंत्रात बिघाड, विमानं मॉस्कोकडे, परत बोलावता येत नाहीत. त्याची टॅगलाईन: हा सिनेमा तुम्हाला अनंताच्या कड्यावर बसवेल! उद्गारचिन्हासकट. आता बघा, ज्या सिनेमात लोक घाम पुसत हळू आवाजात बोलतात त्याची ओळ ओरडतेय, आणि ज्यात वेड्यांचा बाजार आहे त्याची ओळ सरकारी परिपत्रकासारखी शांत. 'फेल सेफ' ऑक्टोबरमध्ये आला, तोवर लोक 'स्ट्रेंजलव्ह' बघून हसून मोकळे झाले होते, त्यामुळे धंदा काही झाला नाही. सिनेमा खरं तर फार चांगला आहे. पण अनंताचा कडा वगैरे वाचून कोण जाणार?

मधल्या काळात ब्रिटनमध्ये वेगळंच. पीटर वॉटकिन्सने १९६५ मध्ये बीबीसीसाठी 'द वॉर गेम' केला, केंट परगण्यावर बॉम्ब पडला तर काय होईल ते बातम्यांच्या ढंगात. बीबीसीने तो दाखवलाच नाही, म्हणे प्रसारणाच्या माध्यमासाठी फार भयंकर आहे. मग थिएटरात आला आणि डॉक्युमेंटरीचा ऑस्कर घेऊन गेला. त्याची टॅगलाईन कोणी कॉपीरायटरने लिहिली नाही, केनेथ टायनन या समीक्षकाचं वाक्य उचललं, की हा आजवरचा सर्वात महत्त्वाचा सिनेमा असू शकेल. त्यातला तो 'असू शकेल' मला आवडतो, जाहिरातीत एवढा संकोच सहसा कोणी ठेवत नाही. टीव्हीवर यायला त्याला १९८५ उजाडलं. दरम्यान १९८० मध्ये तिथल्या सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका ५० पेन्सला विकायला काढली, घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा आणि त्याच्या आत बसा वगैरे, आणि इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी लगेच दुसरी पुस्तिका काढली, 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह'. एक शब्द फिरवला आणि सरकारची घोषणा सरकारवरच उलटवली. टॅगलाईन लिहिणाऱ्याने हे फ्रेम करून लावावं.

आता माझी सगळ्यात आवडती. १९८३, 'वॉरगेम्स'. एक शाळकरी पोरगा घरच्या कॉम्प्युटरवरून फोन लाईन जोडून नवे गेम शोधत असतो आणि चुकून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, त्याला वाटतं गेम आहे, तो रशियाच्या बाजूने खेळायला बसतो. टॅगलाईन: 'इज इट अ गेम, ऑर इज इट रिअल?' हा खेळ आहे का खरं आहे? आठ शब्द इंग्रजीत, आणि एकही शब्द अवघड नाही, ना बॉम्ब, ना युद्ध, ना मृत्यू.

ही ओळ इतकी चांगली का, तर हा प्रश्न कोणीतरी खरोखर विचारलेला आहे, आणि एकदा नाही. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात स्क्रीनवर दिसायला लागलं की सोव्हिएत क्षेपणास्त्रं मोठ्या संख्येने येतायत. विमानं सज्ज झाली, सगळी धावपळ. मग रडार तपासले तर आकाशात काहीच नाही. सरावासाठी केलेली हल्ल्याची टेप चुकून चालू यंत्रणेत लागली होती. अक्षरशः खेळ, जो खरा समजला गेला.

आणि दुसऱ्यांदा, सिनेमा येऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र उलटून गेलेली, मॉस्कोच्या दक्षिणेला एका बंकरमध्ये स्टानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्युटीवर. सायरन वाजला, उपग्रहाने सांगितलं अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडलंय. मग दुसरं, तिसरं, एकूण पाच. नियम सांगतो वर कळवा. वर कळवलं तर वरच्यांकडे ठरवायला मिनिटं. पेत्रोव्हने विचार केला की कोणी युद्ध सुरू करायला फक्त पाच सोडेल का, सोडायची तर शेकड्याने सोडेल, आणि ही यंत्रणा नवीन आहे, रडारवर काही दिसत नाही, आणि त्याने खोटा अलार्म म्हणून कळवलं. नंतर निघालं काय, तर उंच ढगांवर पडलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राचा जाळ वाटला होता. आता विचार करा, तो माणूस त्या खुर्चीत बसून स्वतःला जो प्रश्न विचारत होता तो अमेरिकेतल्या थिएटरांबाहेर त्याच उन्हाळ्यात पोस्टरवर छापलेला होता. त्याला त्याचा पत्ता पण नव्हता, आणि जगाला पेत्रोव्हचा पत्ता लागायला नव्वदचं दशक यायला लागलं.

तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन हे स्वतः सिनेमातले माणूस, त्यांनी 'वॉरगेम्स' रिलीजच्या दुसऱ्याच दिवशी कॅम्प डेव्हिडला बघितला. मग त्या आठवड्यातल्या बैठकीत त्यांनी सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल व्हेसींना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? व्हेसी आठवड्याने उत्तर घेऊन आले, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा परिस्थिती जास्त वाईट आहे. पुढच्या वर्षी सरकारी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेचा आदेश निघाला. पोस्टरवरच्या प्रश्नाला राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर उत्तर मिळालं असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर 'द डे आफ्टर' आला, कॅन्ससमधल्या साध्या माणसांची गोष्ट, सुमारे १० कोटी लोकांनी एका रात्री बघितला. इथे नावच टॅगलाईनचं काम करतं. दुसऱ्या दिवशी. कशाच्या दुसऱ्या दिवशी ते सांगायची गरज नाही. बॉम्ब पडल्यानंतरच्या भागात चॅनेलने एकही जाहिरात दाखवली नाही, साबण-शॅम्पू विकायला कोणी तयारच नव्हतं त्या जागी. ब्रिटिशांनी १९८४ मध्ये शेफील्ड शहरावर 'थ्रेड्स' केला, त्याच्या वेळी बीबीसीच्या 'रेडिओ टाइम्स'च्या मुखपृष्ठावर काय, तर चेहऱ्याला मळकी पट्टी गुंडाळलेला, हातात बंदूक घेतलेला ट्रॅफिक वॉर्डन. पार्किंगच्या पावत्या फाडणारा माणूस. तो चेहरा एकदा बघितलात की खाली ओळीची गरज नाही. रात्री बघू नका, एवढं सांगतो.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन संपलं आणि टॅगलाईनची चाल बदलली. आता अख्खं जग बुडणार नाही, एखादा बॉम्ब, एखादी पाणबुडी, एखादा माथेफिरू. १९९५ चा 'क्रिमझन टाइड' पाणबुडीतला, कॅप्टन आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यात भांडण की अर्धवट आलेल्या आदेशावर क्षेपणास्त्रं सोडायची का नाही. ओळ 'डेंजर रन्स डीप'. मराठीत हा श्लेष आयता जमतो, पाणी फार खोल आहे. २००० मध्ये क्युबा प्रकरणावर 'थर्टीन डेज' आला, ओळ अशी की आपण किती जवळ गेलो होतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आणि झालं असं की दोन वर्षांनी, २००२ मध्ये, हवानाच्या परिषदेत जगाला कळलं की २७ ऑक्टोबर १९६२ ला बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत खरंच असलं भांडण झालं होतं. वर अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे बॉम्ब टाकतायत, आत उकाडा, हवा संपत आलेली, कॅप्टन अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो तयार करा म्हणतोय, आणि वासिली आर्खिपोव्ह नावाचा अधिकारी त्याला नको म्हणून थांबवतो. म्हणजे ज्याने 'विश्वास बसणार नाही' लिहिलं त्याला स्वतःला अर्धीच गोष्ट माहीत होती.

२००२ चा 'द सम ऑफ ऑल फिअर्स' मात्र या सगळ्यांत वेगळा, कारण तो बॉम्बचं नाव घेतो, आणि आकडा देतो. २७ हजार अण्वस्त्रं. एक गायब आहे. हे गणित बघा कसं काम करतं, २७ हजार ऐकून भीती वाटायला हवी, पण आपलं लक्ष जातं त्या एकावर. गर्दीत पोर हरवल्यासारखं. उरलेली २६ हजार ९९९ जागच्या जागी आहेत हा जणू दिलासा! (आज जगात सगळी मिळून साधारण १२ हजार आहेत. कमी झाली म्हणून हुश्श करायचं का नाही तुमचं तुम्ही ठरवा.)

हा सिनेमा अमेरिकेत ३१ मे २००२ ला लागला. त्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला, कारण भारत आणि पाकिस्तानचं सैन्य कित्येक महिने सीमेवर समोरासमोर उभं होतं, त्यात जम्मूजवळ काळुचकला दहशतवादी हल्ला झालेला, आणि दोघांकडे अण्वस्त्रं. म्हणजे तिकडे पॉपकॉर्न घेऊन एक बॉम्ब शोधत होते आणि इकडे आपण, मला आठवतंय, बारावीच्या निकालाची वाट बघत होतो. भीती वाटली होती का? खरं सांगू, नाही. निकालाचीच वाटत होती.

आपल्याकडे या विषयावर सिनेमे फार नाहीतच. २०१८ चा 'परमाणू' आहे, पण तो युद्धाचा नाही, १९९८ च्या पोखरण चाचणीचा, उपग्रहांना चकवून चाचणी कशी केली याचा, त्यामुळे नावाखाली 'द स्टोरी ऑफ पोखरण' एवढं पुरतं, अभिमान आपोआप येतो. त्याच चाचणीची दुसरी बाजू आनंद पटवर्धनांच्या 'जंग और अमन' या माहितीपटात आहे, सेन्सॉरने त्यात २१ कट सांगितले होते, पटवर्धन कोर्टात गेले आणि अखेर एकही कट न देता तो दाखवायला मिळाला. आणि हॉटलाईन म्हणाल तर ती आपल्याकडेही आहे, भारत-पाकिस्तानच्या डीजीएमओंची, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांची, मे २०२५ मध्ये बातम्यांत तिचंच नाव सारखं येत होतं.

अलीकडच्या दोन सांगतो आणि माझ्या पोस्टरकडे येतो. 'ओपनहायमर', २०२३: 'द वर्ल्ड फॉरएव्हर चेंजेस'. जग कायमचं बदलतं. बदललं नाही, बदलतं. गोष्ट १९४५ ची आणि क्रियापद आजचं, ही एवढीशी खोच आहे. आणि २०२५ चा कॅथरिन बिगेलोचा 'अ हाऊस ऑफ डायनामाइट', एक क्षेपणास्त्र अमेरिकेकडे येतंय, कोणी सोडलं माहीत नाही, उरलीत काही मिनिटं. ओळ 'नॉट इफ. व्हेन.' हिचं मराठी करायला मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. 'होईल का ते नाही, कधी होईल ते' केलं तर सरकारी अनुवाद वाटतो. शेवटी लक्षात आलं की आपल्याकडे शब्द तयार आहे. जर-तर नाही. कधी, तेवढं बोला.

माझ्या पोस्टरवर काय लिहायचं याचे आधी बरेच भंगार प्रयत्न झाले. 'हॉटलाईनवरची धमाल' लिहून बघितलं, लग्नातल्या ऑर्केस्ट्राचं नाव वाटलं. 'हसता हसता भस्मसात', हे बायकोने खोडलं. मग तो फोनचा सीन परत बघितला, म्युझिक कमी कर म्हणणारा, आणि सुचलं की जग बुडायच्या आधीचं शेवटचं वाक्य आपल्याकडे काय असेल. तेच छापलं, मोठ्या अक्षरात: 'हॅलो, आवाज येतोय का?'

ओळ चालली, जरा जास्तच चालली. एरवी पंधरा-वीस डोकी असतात, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. त्यातले निदान सहा-सात जण गच्चीवरच्या मोबाईल टॉवरची मीटिंग समजून आले होते, बी विंगमधल्या एक आजी तर आपलं सिम कार्ड आणि बिल घेऊन बसल्या होत्या. सिनेमा सुरू झाल्यावर चार जण उठले, बाकीचे चहाच्या आशेने बसले आणि मग बसूनच राहिले.

संपल्यावर तळमजल्यावरचे काका माझ्याकडे आले. म्हणाले, तो फोन खरा होता का? मी सांगितलं, नाही काका, टेलिप्रिंटर होता, ३० ऑगस्ट १९६३ ला अमेरिकेने मॉस्कोला पहिला निरोप पाठवला तो टेस्टिंगचा होता, यंत्राची सगळी अक्षरं उमटतायत का बघायला, 'द क्विक ब्राऊन फॉक्स' वालं वाक्य, पुढे एक ते शून्य आकडे. काका खुर्ची धरून हसायला लागले. काका तारखात्यात होते, त्याआधी गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये चाळीसच्या स्पीडची परीक्षा दिलेली. "अरे हे वाक्य तर मी रोज मारायचो," म्हणाले आणि टेबलावर बोटं नाचवून दाखवली, डोळे मिटून, एकही अक्षर न चुकता, शेवटी करंगळीने शून्य.